हाताला कळणारं विमान

२० जानेवारी १९७४ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर वायएफ-१६ हे नवं विमान धावपट्टीवर नुसतं पळवून बघायचं ठरलं होतं. उडवायचं नव्हतं. चाचणी वैमानिक फिल ओस्ट्रिकर यांच्या उजव्या हाताशी एक आखूड दांडा होता आणि तो हलतच नव्हता. हातानं किती जोर लावला तेवढंच मोजायचं आणि त्यावरून संगणकानं विमान वळवायचं, अशी ती रचना होती. वेग वाढला तसं विमान डावी-उजवीकडे झुलू लागलं. वैमानिक सावरायला जाई, तसं झुलणं आणखी वाढे. शेपटीचा पृष्ठभाग धावपट्टीला घासला. आता थांबण्यापेक्षा उडणंच कमी धोक्याचं, हे ओळखून ओस्ट्रिकर यांनी विमान हवेत नेलं आणि सहाएक मिनिटांनी सुखरूप उतरवलं. ठरलेलं पहिलं उड्डाण त्यानंतर, २ फेब्रुवारीला झालं. दोष पंखांत नव्हता, इंजिनात नव्हता. हाताचा जोर आणि विमानाचं झुकणं यांचं गणित चुकलं होतं, आणि न हलणाऱ्या दांड्यामुळे आपण विमानाकडे नेमकं किती मागतो आहोत हे हाताला उमगत नव्हतं. पुढे त्या दांड्याला जेमतेम पाव इंच हालचाल दिली गेली. एफ-१६ या जगातल्या सर्वांत यशस्वी लढाऊ विमानांपैकी एकाच्या घडणीत त्या पाव इंचाचा वाटा आहे.

हुबेहूबपणाचा विषय निघाला की लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरचा विचार इथून सुरू करावा लागतो. या खेळांबद्दल बोलताना सगळे बोलतात ते पडद्यावरच्या चित्राबद्दल: ढग किती खरे, कॉकपिटमधल्या तबकड्यांवरची अक्षरं किती रेखीव, क्षेपणास्त्राचा धूर कसा विरतो. त्याच्या खालोखाल चर्चा होते ती सामानाच्या दिसण्याची, म्हणजे अमक्या विमानाच्या स्टिकची धातूची प्रतिकृती, तमक्याच्या थ्रॉटलवरची बटणं. मला वाटतं, खरेपणा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी राहतो आणि तिथे फार थोडे लोक बघतात. विमानाचा स्वभाव हाताला जोराच्या भाषेत कळतो. ती भाषा प्रत्येक विमानाची वेगळी असते. त्यामुळे एकच कंट्रोलर एका विमानाच्या बाबतीत खरा आणि दुसऱ्याच्या बाबतीत साफ खोटा ठरू शकतो. ‘ही स्टिक रिअलिस्टिक आहे का’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ‘कोणत्या विमानासाठी’ हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

स्टिकची तीन घराणी

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सगळ्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते. दांडा ढकला, सोडा, तो मध्यभागी परत येतो. जितका दूर न्याल तितका विरोध वाढतो. विमान जमिनीवर उभं असो की ताशी आठशे किलोमीटरनं झेपावत असो, स्प्रिंगला त्याचं काहीच नसतं. आता हीच स्टिक तीन वेगवेगळ्या विमानांना लावून बघा.

पहिलं घराणं दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं. स्पिटफायर किंवा मेसरश्मिट १०९ मध्ये स्टिक तारा आणि दांड्यांनी थेट पंखावरच्या व शेपटीवरच्या फळ्यांना जोडलेली असते. हवा त्या फळीवर जेवढी रेटते, तेवढा रेटा वैमानिकाच्या मनगटात येतो. वेग कमी झाला की स्टिक सैल, मऊ पडते, आणि ती मऊ पडणं हाच विमान आता हवेवरून निसटणार याचा पहिला इशारा असतो. वेग वाढला की तीच स्टिक काँक्रीटमध्ये रोवल्यासारखी होते. इथे स्प्रिंगची स्टिक सरळसरळ खोटं बोलते. वैमानिकाला वेगाची सर्वांत विश्वासू खबर हातातून मिळत होती, ती खबरच इथे गहाळ असते आणि खेळणाऱ्याला तबकडीकडे बघत राहावं लागतं.

दुसरं घराणं जेट विमानांचं. आपल्याकडे ज्याची निर्मिती नाशिकजवळच्या ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स कारखान्यात झाली, ते मिग-२१ घ्या. आवाजाच्या वेगाजवळ शेपटीवरचा हवेचा रेटा माणसाच्या ताकदीबाहेर जातो, म्हणून तिथे हायड्रॉलिक यंत्रणा फळी फिरवते. पण मग हवेचा रेटा हातापर्यंत पोचतच नाही. वैमानिकाला काहीतरी जाणवायला हवं, म्हणून खऱ्या विमानातच स्प्रिंगा बसवलेल्या असतात! शिवाय स्टिक आणि शेपूट यांच्यातलं प्रमाण वेगानुसार आणि उंचीनुसार आपोआप बदलणारी एक वेगळी यंत्रणा मिगमध्ये आहे, जेणेकरून जास्त वेगात स्टिकच्या तेवढ्याच हालचालीला शेपूट कमी वळावं. म्हणजे टेबलावरची स्प्रिंगची स्टिक, जी स्पिटफायरच्या बाबतीत खोटी होती, ती मिगच्या बाबतीत बरीचशी खरी ठरते. एफ-१६ तर त्याही पुढे. तिथे हाताचा आणि फळीचा यांत्रिक संबंधच उरलेला नाही. आणि त्या विमानासाठी जवळजवळ न हलणारी, केवळ जोर मोजणारी स्टिक बनवणारे उत्पादकही आज आहेत.

तिसरं घराणं हेलिकॉप्टरचं, आणि इथे स्प्रिंगची फजिती सर्वांत जास्त होते. हेलिकॉप्टरची मधली स्टिक, जिला सायक्लिक म्हणतात, मध्यभागी परत येण्यासाठी नसतेच. जिथे ठेवाल तिथे ती राहायला हवी. पुढे उडायचं तर स्टिक कायम थोडी पुढे, आणि पंख्याच्या फिरण्यामुळे थोडी कडेला. खऱ्या यंत्रात ट्रिमचं बटण दाबलं की चुंबकीय ब्रेक सुटतो, स्टिक हवी तिथे न्यायची, बटण सोडलं की तीच तिची नवी विश्रांतीची जागा होते. टेबलावरची स्प्रिंग मात्र दर वेळी स्टिकला जुन्या मध्याकडे ओढते. २००८ मध्ये ‘डीसीएस: ब्लॅक शार्क’ हे केए-५० हेलिकॉप्टरचं सिम्युलेटर आलं, तेव्हापासून या एका गोष्टीवर तोडगे चालू आहेत. ट्रिमचं बटण सोडल्यावर खेळणाऱ्यानं स्टिक मध्यभागी आणेपर्यंत प्रोग्रामनं थांबून राहायचं, हा त्यातला एक. तो उपयोगी आहे, पण दर काही सेकंदांनी हातानं एक अशी हालचाल करायची जी खऱ्या यंत्रात कोणी करत नाही, ही त्याची किंमत आहे. अनेक जण शेवटी स्प्रिंग काढूनच टाकतात आणि घर्षणावर स्टिक उभी ठेवतात. एक पैसा न घालता केलेला हा बदल महागड्या प्रतिकृतीपेक्षा हेलिकॉप्टरच्या अधिक जवळ जातो.

१८ किलोंची मर्यादा

१९४० मध्ये ब्रिटिशांनी हाती लागलेल्या एका मेसरश्मिट १०९ ची फार्नबरो इथे कसून चाचणी केली. त्यात एक निरीक्षण असं, की कॉकपिट इतकं चिंचोळं आहे की वैमानिकाला स्टिकवर कडेनं फार तर ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो जोर लावता येतो. स्पिटफायरमध्ये हाच आकडा ६० पौंड होता. ताशी ४०० मैलांच्या वेगाला सगळी ताकद लावूनही पंखावरची फळी तिच्या पूर्ण वळणाच्या पाचव्या हिश्शापर्यंतच जाई, आणि विमान ४५ अंश झुकायला चार सेकंद लागत. हवाई झुंजीत चार सेकंद म्हणजे आयुष्य. स्पिटफायरचीही त्या वेगाला जवळपास हीच अवस्था होती. १९४१ मध्ये तिच्या कापडी फळ्या बदलून धातूच्या पत्र्याच्या केल्या, तेव्हा हात मोकळा झाला. थोडक्यात, या विमानांच्या क्षमतेचा आलेख नुसत्या इंजिनानं आणि पंखानं ठरत नव्हता. वैमानिकाच्या खांद्यानं, कोपराला मिळणाऱ्या जागेनं आणि स्टिकच्या लांबीनं ठरत होता.

सिम्युलेटर लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असतं. त्यांच्या समीकरणांत एक आभासी वैमानिक बसलेला असतो आणि त्याच्या ताकदीला मर्यादा असते. अडचण पुढची आहे. खेळणाऱ्याची स्टिक दोन बोटांनी टोकापर्यंत जाते, आभासी वैमानिक मात्र पाचव्या हिश्शावर अडलेला असतो. मग दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे टेबलावरची स्टिक पाचव्या हिश्शापर्यंत मानायची आणि पुढची सगळी हालचाल वाया जाऊ द्यायची. दुसरा म्हणजे स्टिकची पूर्ण हालचाल ही स्थिती न मानता वैमानिकाचा जोर मानायची, म्हणजे टोकाला नेली की आभासी वैमानिक सगळी ताकद लावतोय असं समजायचं. दुसरा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो निदान हेतू बरोबर पोचवतो. पण त्यातही हाताला थकवा नाही. खरा वैमानिक तिसऱ्या-चौथ्या झेपेनंतर घामाघूम होई. टेबलाशी बसलेला शंभरावी झेपही पहिलीइतक्याच ताजेपणानं घेतो. मेसरश्मिटच्या वैमानिकाच्या डाव्या हाताशी शेपटीचा कोन बदलणारं एक चाक होतं. झेपेतून बाहेर येताना स्टिक ओढवेना, की त्या चाकाचा आधार घ्यावा लागे, आणि त्याच्या शेजारीच, त्याच अक्षावर, फ्लॅपचं चाक असे. घरी ही दोन्ही कामं कीबोर्डच्या दोन-दोन कळांवर असतात. त्या दोन चाकांच्या जागी दोन खरी चाकं लावणारे छंदिष्ट आहेत, आणि ते योग्य जागी कष्ट घेत आहेत असं मला वाटतं.

या दुखण्यावरचं खरं औषध फोर्स फीडबॅक. स्टिकच्या बुडाशी मोटारी बसवायच्या आणि प्रोग्राम सांगेल तेवढा जोर त्यांनी उलट लावायचा. वेग वाढला की स्टिक जड, विमान निसटायला लागलं की आधी थरथर आणि मग सैल. ट्रिम फिरवली की विश्रांतीची जागाच सरकते. मायक्रोसॉफ्टची साइडवाइंडर मालिका हे सगळं पंचवीस वर्षांपूर्वी घरोघरी देत होती. २००३ च्या सुमारास ती बंद झाली आणि त्यानंतरची बरीच वर्षं या क्षेत्रात जवळजवळ शांतता होती. लोक जुन्या साइडवाइंडर दुरुस्त करून करून वापरत राहिले. अलीकडे ताकदवान मोटारींचे बेस पुन्हा मिळू लागले आहेत, पण ते महाग आहेत आणि परदेशातून मागवले की कस्टम्सची भर पडते. या मधल्या काळात बाजार प्रतिकृतींच्या मागे गेला. २०१० च्या सुमारास आलेली ए-१० विमानाची ‘वॉर्टहॉग’ स्टिक आणि थ्रॉटल ही त्यातली सर्वांत नावाजलेली. तिचं वजन, बटणांची जागा, धातूचा थंड स्पर्श हे सगळं उत्तम. पण तिच्यातही स्प्रिंगच आहे.

पाऊण इंच आणि पाव इंच

लांबीचा मुद्दा किरकोळ वाटतो आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. अमेरिकेच्या नाका संस्थेनं युद्धकाळात स्पिटफायर तपासली, तेव्हा त्यांना आढळलं, की वळणात सरळ उड्डाणापासून पंख थरथरू लागेपर्यंत स्टिक मागे यायला लागते ती फक्त पाऊण इंच. स्पिटफायरचं शेपूट किती हलक्या हातानं हाताळावं लागे, हे यावरून कळतं. आता टेबलावरची स्टिक खऱ्या स्टिकच्या तिसऱ्या हिश्शाची धरली, तर हीच संपूर्ण हालचाल पाव इंचात उरकावी लागते. त्या पाव इंचात नेम धरायचा, विमान निसटू द्यायचं नाही आणि समोरच्याच्या वळणाच्या आत राहायचं. मग लोक म्हणतात की खेळातली स्पिटफायर भलतीच बुजरी आहे, प्रोग्राम चुकला आहे. बहुतेक वेळा प्रोग्राम बरोबर असतो, हातातला तराजू चुकीचा असतो.

यावर प्रोग्राममध्ये एक सोय असते, ‘कर्व्ह’ नावाची. मध्यभागी स्टिकचा परिणाम कमी करायचा, टोकाला वाढवायचा. नेम सुधारतो, पण मधल्या भागात कमावलेली शांतता टोकाला दामदुप्पट फेडावी लागते, आणि तंग वळणात आपण असतो ते नेमके टोकाच्या बाजूला. त्यापेक्षा स्टिकखाली एक नळी घालून ती उंच करणं आणि टेबलावरून काढून दोन गुडघ्यांच्या मध्ये बसवणं शहाणपणाचं. हिशेब साधा आहे. आसापासून मुठीपर्यंत १५ सेंटिमीटर अंतर असलेली स्टिक दोन्ही बाजूंना २० अंश फिरते तेव्हा मूठ साधारण साडेदहा सेंटिमीटर प्रवास करते. २० सेंटिमीटरची नळी घातली की तोच प्रवास साडेचोवीस सेंटिमीटर होतो. हाताची नैसर्गिक थरथर तेवढीच राहते, तिचा विमानावरचा परिणाम निम्म्याहून कमी होतो. सेन्सर कितीही बारीक मोजणारा असो, पोटेन्शिओमीटर काढून चुंबकीय हॉल सेन्सर बसवा, हजाराऐवजी ६५ हजार पायऱ्या मिळवा, हात जे करूच शकत नाही ते सेन्सर मोजू शकत नाही.

डोळा खरा झाला, की हात परका होतो

साध्या २७ इंची पडद्यापासून हातभराच्या अंतरावर बसलं, की तो पडदा डोळ्यासमोर साधारण ४५ अंश व्यापतो. माणसाची नजर याच्या चौपटीहून जास्त पसरलेली असते. म्हणून खेळात ८०-९० अंशांचं दृश्य ४५ अंशांत कोंबलं जातं आणि सगळं जग दूर, लहान दिसतं. दहा मीटर पंखांचं विमान पाच किलोमीटरवर असेल, तर डोळ्याला ते जवळपास सात कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एवढं दिसतं, म्हणजे सरासरी चांगल्या डोळ्याला ओळखता येण्याच्या किमान मर्यादेच्या सातपट. तेच २५६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर, ८० अंशांच्या दृश्यात, जेमतेम तीन-चार पिक्सेलचा एक ठिपका होतं. काही सिम्युलेटर दूरची विमानं मुद्दाम थोडी मोठी काढतात. शुद्धतावादी त्याला फसवणूक म्हणतात. मला ते पटत नाही. खऱ्या डोळ्याला जे दिसलं असतं ते पडद्याच्या कमतरतेमुळे दिसत नसेल, तर ती कमतरता भरून काढणं हीच खरेपणाची सेवा आहे.

डोक्याच्या हालचालीबद्दल मात्र उलटं म्हणावं लागतं. टोपीला लावलेल्या ट्रॅकरमुळे मान वीसेक अंश वळवली की पडद्यावरची नजर थेट मागे शेपटीपर्यंत जाते. सोय मोठी आहे, आणि तिच्याशिवाय हवाई झुंज म्हणजे झापडं लावलेल्या घोड्यासारखी. पण ९ ‘जी’च्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट भाराच्या, वळणात हेल्मेटसह सहाएक किलोंचं डोकं चोपन्न किलोंचं होतं. तशा डोक्यानं मागे वळून बघणं हे वैमानिकाचं सर्वांत कष्टाचं काम, आणि घरात ते सर्वांत स्वस्त झालेलं असतं. म्हणून घरातले योद्धे शत्रूला दृष्टीआड होऊच देत नाहीत.

व्हीआर हेडसेटनं यातलं बरंच सुधारलं. अंतर, खोली, विमानाचा खरा आकार, मागे बघायला खरोखर वळावं लागणं, हे सगळं आलं. पण गेलं काय, तर स्वतःचे हात दिसेनासे झाले. ज्यानं मेहनतीनं शेजारी बटणांचं पॅनेल उभं केलं, त्याला आता ते आंधळ्यासारखं चाचपडावं लागतं. इथे जुना धडा उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर उतरल्यावर वैमानिक फ्लॅप उचलण्याऐवजी चाकंच उचलत आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसे. आल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की दोन्ही खटके शेजारी आणि सारखेच आहेत. त्यानं चाकांच्या खटक्याला चाकासारखी, फ्लॅपच्या खटक्याला पंखासारखी मूठ सुचवली, आणि डोळ्याचं काम बोटांकडे गेलं. व्हीआर वापरणाऱ्याला नेमकं हेच हवं आहे: बोटांना आकारानं ओळखू येणारे मोजके खटके. सपाट, एकसारख्या पन्नास बटणांच्या पेट्या त्याच्या कामाच्या नाहीत.

आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा, की शरीरावर ‘जी’चा भार येतच नाही, तर बाकीच्या खरेपणाच्या गप्पा कशाला? लढाऊ विमानाचा ‘जी’ घरात काय, हवाई दलाच्या सिम्युलेटरमध्येही सहसा देता येत नाही. म्हणून तर लढाऊ वैमानिकांची अनेक सरकारी सिम्युलेटर हलत नाहीत. स्थिर आसन आणि भोवती घुमटासारखा पडदा असतो. पण हाच दाखला मला उलट वाटतो. जे देता येत नाही त्याचं सोंग न करता, जे देता येतं ते नीट द्यायचं, हे त्यांनी ठरवलं. सिम्युलेटरचा इतिहासही हेच सांगतो. एडविन लिंक यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस पहिला नावाजलेला प्रशिक्षणाचा डबा बनवला, तो वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून. संगीत नाटकांच्या ऑर्गनमध्ये जो भाता सूर धरत असे, तसाच भाता तिथे लाकडी विमानाला कलवत होता. १९३४ मध्ये टपाल वाहताना अमेरिकी लष्करी वैमानिक खराब हवेत मरू लागले, तेव्हा लष्करानं ते डबे विकत घेतले. त्यात बाहेरचं दृश्य नव्हतं, ढग नव्हते. आंधळ्या हवेत फक्त उपकरणांवर विश्वास ठेवायला शिकवायचं होतं आणि तेवढं ते चोख शिकवत होते. पुढे युद्धात असे १०,००० हून जास्त डबे बनले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणूस सवयीनं काहीही शिकतो. अंगठ्यानं चालवायच्या गेमपॅडवर किंवा माउसवर विमान उडवणारे लोक डावपेच, उंचीचा आणि वेगाचा हिशेब, रडारचा वापर हे सगळं उत्तम शिकतात. हे खरं आहे आणि त्यांना कमी लेखू नये. रडार, शस्त्रं, संपर्क या गोष्टी आधुनिक जेटमध्ये इतक्या महत्त्वाच्या आहेत की तिथे हाताच्या जोरापेक्षा बटणांचा क्रम अधिक खरा ठरतो. पण ‘वॉर थंडर’सारख्या खेळात माउसनं जागा दाखवायची आणि विमान तिकडे नेण्याचं काम प्रोग्रामनं करायचं, तेव्हा रडर कधी दाबावा, घसरण कशी रोखावी, हे सगळं एक अदृश्य शिक्षक करत असतो. तिथे नेम अचूक लागतो, कारण खऱ्या वैमानिकाचा नेम ज्या गोष्टींनी बिघडायचा त्या वगळलेल्या असतात. त्या खेळालाही स्वतंत्र पद्धत ठेवावी लागली जिथे ही मदत मिळत नाही, यातच कबुली आली.

आणि पैसा. सगळ्यांना मोटारींचा बेस परवडणार नाही हे उघड आहे. पण माझा मुद्दा खर्चाच्या बाजूचा नाहीच. जेट उडवणाऱ्याला साधी चांगली स्प्रिंग पुरते. हेलिकॉप्टरवाल्यानं स्प्रिंग काढावी. महायुद्धाच्या विमानांवर जीव असेल तर लांब नळी आधी, प्रतिकृती नंतर.

मिगचा ब्रेक

‘कोणत्या विमानासाठी’ हा प्रश्न पायांनाही लागू होतो. पेडलच्या संचांची जाहिरात करताना पायाच्या बोटांनी दाबायचे ब्रेक हा मोठा गुण म्हणून सांगतात. मस्टँगसारख्या विमानासाठी तो आहेच. पण स्पिटफायरमध्ये ब्रेक स्टिकच्या कड्यावरच्या खटक्यात असे, आणि मिग-२१ मध्येही तो स्टिकवरच असतो: बोटांनी खटका ओढायचा, हवेच्या दाबानं ब्रेक लागतात, आणि कोणतं चाक जास्त धरायचं हे पेडल कुठे आहेत त्यावरून ठरतं. २०१४ मध्ये आलेल्या डीसीएसच्या मिग-२१बिसमध्ये हे सगळं तसंच आहे. महागाचे पेडल लावून त्यावर बोटांचे ब्रेक जोडणारा खेळाडू मिगला मिग नसलेल्या पद्धतीनं थांबवत असतो. त्याच्याजवळ एखादी साधी स्टिक असेल, जिच्या मुठीवर थोडाथोडा दाबता येणारा खटका आहे, तर ती या एका बाबतीत अधिक खरी.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडमध्ये भारतीय हवाई दलानं मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ पासून साठ वर्षांहून अधिक काळ जे विमान इथल्या वैमानिकांच्या हातात होतं, त्याच्या उड्डाणपुस्तिका राहतील, छायाचित्रं राहतील, चौकाचौकांत उभी केलेली विमानं राहतील. पण उतरताना तो खटका किती ओढला की चाक घसरायला लागतं, उंचावर स्टिक-शेपटीचं प्रमाण बदललं की मुठीत काय फरक पडतो, स्प्रिंग थकलेलं विमान नव्यापेक्षा वेगळं कसं ओळखू येई, हे कागदावर फार थोडं उतरलं आहे. ते निवृत्त वैमानिकांच्या मनगटात आहे आणि ओझरला ज्यांनी ही विमानं घडवली, उघडली आणि पुन्हा जुळवली त्या कारागिरांच्या बोटांत आहे. सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी, आणि घरी स्टिकच्या स्प्रिंगा बदलत बसणाऱ्या नाशिक-पुण्याच्या मुलांनीही, एक वही घेऊन त्यांच्याकडे जावं, त्यांच्या हातात आपली स्टिक द्यावी आणि विचारावं: काका, इथे किती जड हवी?